पेट्रोलच्या वासाचा इतिहास: कसाऱ्यापासून पानेवाडीपर्यंत

गाडीचं दार उघडलं आणि पेट्रोलचा भपकारा आला, तर आपण काय करतो? बहुतेक जण काच खाली करतात. वास गेला की विषय संपला. दुसऱ्या दिवशी परत आला तर परत काच खाली. अगदीच डोकं दुखायला लागलं तर मग गॅरेज.

आज आपण या वासाकडे इतिहास म्हणून बघणार आहोत. आणि तो बघायला नाशिक जिल्ह्यासारखी जागा नाही. मुंबईहून येणारा आग्रा रस्ता कसाऱ्याचा घाट चढून इथे येतो. सातपूरला इंधन फवारणारे नोझल बनतात. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत आणि मुंबईहून जमिनीखालच्या पाइपलाइनने तिथे तेल येतं. त्याच पानेवाडीत २०११ साली एका अधिकाऱ्याचा इंधनापायी जीव गेला. तिथपर्यंत आपण येणारच आहोत, पण सुरुवात जरा मागून करू.

आपल्याकडे नाकाचं पहिलं शिक्षण पेट्रोलवर झालं नाही, घासलेटवर झालं. शब्दच बघा ना. ‘गॅसलाइट’चं झालं घासलेट आणि ‘रॉक ऑइल’चं झालं रॉकेल. कंदील, चिमणी, मग स्टोव्ह. स्टोव्हची पिन मारताना येणारा वास आणि तो नीट पेटल्यावर जाणारा वास, यातला फरक घरातल्या प्रत्येक बाईला कळत होता. वास येतोय म्हणजे तेल जळत नाहीये, नुसतं बाहेर पडतंय. नियम हा एवढाच. पुढे मोटारी आल्या तेव्हा मिस्त्री लोकांनी हाच नियम इंजिनाला लावला. तो आजही तसाच लागू आहे. इंधन एक तर टाकीत बंद असलं पाहिजे, नाही तर सिलिंडरमध्ये जळालं पाहिजे. मधे कुठे नाकाला सापडलं, तर काहीतरी बिघडलंय.

आता गंमत अशी की जुन्या मोटारीत हे ‘मधे कुठे’ फार मोठं होतं. अँबॅसेडर घ्या, प्रीमियर पद्मिनी घ्या, महिंद्राची पेट्रोल जीप घ्या. इंजिनाच्या अंगाला लागलेला एक यांत्रिक पंप, ज्याला गॅरेजमध्ये सगळे एसी पंप म्हणायचे, तो टाकीतून पेट्रोल ओढायचा आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत सोडायचा. वाटीत एक तरंगता फ्लोट. पेट्रोल वर आलं की फ्लोट वर आला, त्याने सुई दाबली, पेट्रोल बंद. घरातल्या पाण्याच्या टाकीचा बॉलकॉक जसा चालतो, अगदी तसंच. आणि ही वाटी हवेला उघडी. म्हणजे इंजिन बंद करून गाडी उन्हात उभी केली की वाटीतलं पेट्रोल वाफ होऊन बॉनेटखाली पसरणार. टाकीच्या झाकणालाही हवा जायला भोक. त्या काळात थोडा वास हा दोष धरलाच जात नव्हता. गाडी आहे म्हणजे वास असणार.

मग मिस्त्रीचं कसब कशात होतं? रोजचा वास आणि बिघाडाचा वास यातला फरक ओळखण्यात. सकाळी चोक ओढून दहा वेळा स्टार्टर मारला आणि गाडी सुरू झाली नाही, भपकन वास आला, तर ‘फ्लड’ झाली. प्लग काढा, पुसा, थांबा, चोक न ओढता परत मारा. पण गाडी चालू असताना, चांगली गरम झाल्यावरही वास येतोय, मायलेज पडलंय, सायलेन्सरमधून काळा धूर येतोय, तर गाडी ‘पेट्रोल ओकतेय’. म्हणजे एक तर सुईखाली कचरा अडकलाय, नाही तर फ्लोट बुडालाय.

फ्लोट बुडणं हा प्रकार जरा सांगण्यासारखा आहे. फ्लोट पितळी पत्र्याचा, आतून पोकळ. त्याला केसाएवढं भोक पडलं तरी पेट्रोल आत शिरतं, फ्लोट जड होतो, वर येत नाही, सुई बंद होत नाही. मिस्त्री काय करायचा? फ्लोट काढून कानाशी हलवायचा. आत खळखळलं की निदान झालं. मग तो गरम पाण्यात बुडवायचा. आतलं पेट्रोल तापून वाफ व्हायचं आणि जिथून बुडबुडे येतील तिथे भोक. सगळी वाफ गेल्याची खात्री करून मगच त्यावर सोल्डर मारायचं, कारण आत थोडी जरी वाफ राहिली तरी डोळ्यांसमोर स्फोट. आणि सोल्डरही जपून, कारण जास्त मारलं तर फ्लोटचं वजन वाढतं आणि वाटीतली पातळी परत चुकते. नाक, कान, गरम पाणी. कुठलंही मीटर नाही. आमच्या मते हे शुद्ध प्रयोगशास्त्र होतं. त्याला तसं कुणी म्हटलं नाही, ते एक सोडा.

टाकीला बारीक गळती असेल तर कपड्याच्या साबणाची वडी घासायची, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. पुढच्या गावापर्यंत जाण्यापुरतं ते चालायचं. पुढचं गाव येऊनही कित्येक गाड्या त्या साबणावर महिनोन्महिने फिरल्या, हाही इतिहासच.

आणि कसाऱ्याचा घाट. एप्रिल-मे महिन्यात भरलेली गाडी, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढतेय, इंजिन तापलंय आणि अचानक पेट्रोल येणं बंद. टाकीत पेट्रोल आहे, पंप चालतोय, पण पंपापाशी आणि नळीत पेट्रोल उकळून वाफ झालीय आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. याला इंग्रजीतून आलेलं नाव व्हेपर लॉक. उपाय काय, तर बाजूला घ्या, बॉनेट उघडा, ओलं फडकं पंपावर टाका, अर्धा तास थांबा. इगतपुरीला पोचेपर्यंत एक-दोनदा हे होणार, असं धरूनच लोक निघायचे. घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग आणि त्यावरून येणारा पेट्रोलचा वास ज्यांनी अनुभवलाय, त्यांना आम्ही काय सांगतोय ते लगेच कळेल.

मारुतीची व्हॅन आली तेव्हा या वासाने आणखी एक पाऊल आत टाकलं. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली. म्हणजे ड्रायव्हर अक्षरशः कार्ब्युरेटरवर बसलेला. नळीची क्लिप सैल झाली की वास बॉनेटमध्ये नाही, थेट माणसांत. त्यातच पुष्कळांनी मागे घरगुती गॅसचा सिलिंडर ठेवून गाडी त्यावर चालवायला सुरुवात केली. २००० सालापर्यंत आपल्याकडे गाडीत एलपीजी वापरायला कायद्याची परवानगीच नव्हती. आणि अशा कित्येक व्हॅनमध्ये मागे शाळेची मुलं बसत होती. वासाला सरावणं किती महागात पडू शकतं याचं याहून वाईट उदाहरण आम्हाला सापडलं नाही.

इथे नाकाबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. पेट्रोलच्या बाबतीत माणसाचं नाक फार तीक्ष्ण आहे. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड टक्का झाली की ती पेटू शकते. नाकाला मात्र तिचा पत्ता त्याच्या हजारो पट कमी प्रमाणात लागतो. म्हणजे वास आला याचा अर्थ गाडी आत्ता पेटणार असा नाही, आपल्याला वेळ मिळालाय असा आहे. पण तेच नाक पाच-दहा मिनिटांत थकतं. गाडीत बसलेल्याला वास येईनासा होतो आणि तो म्हणतो, ‘गेला बुवा वास.’ वास गेलेला नसतो. म्हणून निदान करायचं तर आधी गाडीतून उतरायचं, मोकळ्या हवेत थोडं थांबायचं आणि मग परत दार उघडून बघायचं.

आता भेसळीकडे येऊ. इथून पुढचा वास वेगळा आहे. तो गळतीचा नाही, फसवणुकीचा आहे.

रेशनवरचं रॉकेल गरिबाची चूल पेटावी म्हणून सरकार स्वस्त द्यायचं. २०११ च्या सुरुवातीला ते साधारण १२ रुपये लिटर होतं, डिझेल चाळिशीच्या पुढे आणि पेट्रोल साठीच्या आसपास. या तीन आकड्यांमध्येच सगळा धंदा आला. टँकर डेपोतून निघायचा, पंपावर पोचण्याआधी वाटेत कुठेतरी आडबाजूला थांबायचा, त्यातलं काही तेल काढून घ्यायचं आणि तेवढंच रॉकेल वर भरायचं. सरकारने रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला, तर लोकांनी तो रंग मातीतून गाळून काढायची रीत शोधली. २००६ मध्ये रॉकेलमध्ये रासायनिक खूण, म्हणजे मार्कर, घालण्याची योजना आली. काही वर्षांतच ती गुंडाळली गेली.

रॉकेल मिसळलेलं पेट्रोल गाडीत काय करतं? रॉकेल पेट्रोलइतकं सहज उडत नाही, नीट जळत नाही. इंजिन चढाला टकटक करतं, प्लगवर काजळी बसते आणि सायलेन्सरमधून तो ओळखीचा स्टोव्हचा वास येतो. अनुभवी रिक्षावाला नुसत्या धुराच्या वासावरून कुठल्या पंपावर तेल भरलंय ते सांगायचा, असं म्हणतात. त्यात अतिशयोक्ती असेल, पण तत्त्व खरं आहे. पंपावरची फिल्टर पेपरची चाचणीही याच तत्त्वावर चालते. कागदावर पेट्रोलचा एक थेंब टाका. चांगलं पेट्रोल दोन मिनिटांत उडून जातं, मागे डाग राहत नाही. तेलकट डाग राहिला तर शंका घ्यायची. हा कागद मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. घनता तपासून मागण्याचाही आहे. पंपावर रोजची घनता लिहिलेली असते आणि नोंदीपेक्षा घनमीटरला ३ किलोहून जास्त फरक पडला तर ते तेल संशयास्पद धरतात. या चाचणीसाठी कागद मागणारे ग्राहक आपल्यात किती, ते आपलं आपल्याला माहीत.

२५ जानेवारी २०११. प्रजासत्ताक दिनाचा आदला दिवस. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाड-नांदगाव भागात कामासाठी निघाले होते. पानेवाडीजवळ एका ढाब्यापाशी त्यांना टँकर उभे दिसले. ते गाडीतून उतरले आणि चौकशी करू लागले. त्यानंतर जे झालं ते सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. त्यांच्यावर हल्ला झाला, अंगावर इंधन ओतलं गेलं आणि भरदिवसा त्यांना जिवंत जाळलं. जागीच त्यांचा मृत्यू झाला. राज्यभर सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं, भेसळवाल्यांवर छापे पडले, धरपकड झाली. तपास पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला.

त्याच्या पाच वर्षं आधी, नोव्हेंबर २००५ मध्ये, उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरी जिल्ह्यात इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी षण्मुगम मंजुनाथ यांचा असाच खून झाला होता. भेसळ करणाऱ्या पंपावर त्यांनी कारवाई केली होती. दोन्ही घटना शेजारी ठेवून बघा. एक कंपनीचा माणूस, एक महसूल खात्याचा. दोघांनीही केलं ते त्यांचं नेमून दिलेलं काम. टँकर का थांबलाय, टाकीत काय आहे, एवढंच विचारलं.

आम्हाला या प्रकरणात एक गोष्ट खटकते ती सांगतो. पानेवाडीच्या घटनेनंतर चर्चा झाली ती माफियाची, पोलिसांची, राजकारणाची. ती व्हायलाच हवी होती. पण रॉकेल मिसळलेलं तेल शेवटी कुणाच्या तरी टाकीत पडत होतं. हजारो गाड्यांमध्ये. त्या गाड्यांच्या मालकांना वास येत होता, धूर दिसत होता, मायलेज कळत होतं, आणि ते मिस्त्रीला सांगत होते, ‘जरा ट्यूनिंग कर.’ मिस्त्री कार्ब्युरेटर साफ करून देत होता. म्हणजे दुखणं एकीकडे आणि औषध भलतीकडे. भेसळीचा धंदा शेवटी पुष्कळसा मोडला तो किमतीने. २०१६ पासून रॉकेलचा दर थोडा थोडा वाढवत नेला, अनुदान संपलं, घरोघर गॅस आला. फरकच उरला नाही तर मिसळणार कोण? सोनवणे यांच्या हयातीत हे झालं असतं तर, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

आता गाडीकडे परत येऊ, कारण दरम्यान गाडीही बदलली होती. २००० च्या आसपास युरो नियम आले, देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं आणि कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. इंधन दाबाखाली फवारायचं ही कल्पना नाशिकला नवी नव्हती. त्र्यंबक रोडवरच्या मायको सर्कलला आपण रोज वळसा घालतो. ते मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, आताची बॉश. सातपूरच्या त्या कारखान्यात डिझेल इंजिनाचे नोझल आणि इंजेक्टर कित्येक दशकं बनत आलेत. पेट्रोल गाड्यांत ती कल्पना उशिरा पोचली, इतकंच.

इंजेक्शनबरोबर गाडी बंदिस्त झाली. उघडी वाटी गेली. टाकीतली वाफ आता हवेत सोडायची नाही, तर कोळशाने भरलेल्या एका डब्यात साठवायची आणि इंजिन चालू झालं की तिथून ओढून जाळायची. त्या डब्याला कॅनिस्टर म्हणतात. पेट्रोलमधलं बेन्झिन, जे कर्करोगाला कारण ठरतं, तेही बीएस-३ पासून १ टक्क्यावर आणलं. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं. नवी गाडी आता वास मारत नाही.

आणि इथेच गोम आहे. अँबॅसेडरमध्ये वास आला तर तो बहुधा रोजचा होता. आजच्या गाडीत वास आला तर तो कधीच रोजचा नसतो. दुसरं म्हणजे जुन्या पंपाचा दाब अगदीच कमी होता, नळी फाटली तर पेट्रोल थेंबथेंब गळायचं. आजच्या इंजेक्शनच्या नळीत साधारण ३ बारचा दाब असतो, म्हणजे टायरमधल्या हवेपेक्षा जास्त. तिथे थेंब नाही पडत, फवारा उडतो, आणि तोही तापलेल्या इंजिनावर. तरी आपली सवय अँबॅसेडरचीच राहिली. काच खाली करायची.

मग निदान कसं करायचं? वास कधी येतो ते आधी बघायचं. टाकी भरल्यावर लगेच येतो आणि दुसऱ्या दिवशी जातो? मग बहुधा दोष वरच्या बाजूला. झाकणाचं रबर, भरायची नळी, नाहीतर मागच्या सीटखाली टाकीवर पंप बसवलाय त्याची सील. यात आपलाही हात असतो. नोझल खट् करून बंद पडलं की थांबायचं असतं. आपण म्हणतो, ‘राऊंड फिगर कर.’ ते वरचं पेट्रोल वाफेच्या नळीतून कॅनिस्टरमध्ये शिरतं आणि कोळसा कायमचा बिघडतो. मग वासही येतो आणि टाकी भरल्यावर गाडी सुरू व्हायलाही त्रास देते.

सकाळी थंड गाडी सुरू करताना वास येतो आणि गरम झाल्यावर जातो? मग रबराची नळी कडक झालीय, क्लिपपाशी झिरपतेय. गरम झाल्यावर रबर फुगतं, गळती मिटते. म्हणून गॅरेजला गाडी गरम नेली तर काहीच सापडत नाही. रात्रभर गॅरेजमध्ये ठेवा आणि सकाळी बघायला सांगा. गाडी चालू असताना सतत वास, काळा धूर, मायलेज पडलेलं? मग गळती नसेलही, पेट्रोल जास्त जात असेल. इंजेक्टर टपकतोय, किंवा सेन्सर चुकीचं सांगतोय. ऑइलची पट्टी काढून हुंगा. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर ते पेट्रोल सिलिंडरमधून खाली उतरतंय, आणि असं पातळ झालेलं ऑइल इंजिन खातं. आणि उंदीर. शेताजवळ, मळ्यात, बंगल्याच्या अंगणात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत नळी कुरतडलेली सापडणं ही नाशिककडे काही नवलाची गोष्ट नाही.

जोराचा वास आला, तर मात्र निदान नंतर. गाडी बाजूला, चावी बंद, सगळे खाली. परत स्टार्टर मारून बघायचा नाही. चावी फिरवली की पंप दोन सेकंद चालतो आणि नळीत पुन्हा दाब भरतो. गाडी टो करून न्यायची. आणि नळी बदलायची तर इंजेक्शनच्या दाबाची, इथेनॉल सोसणारी. एम-सील लावायचं नाही. साबणाचा काळ गेला.

इथेनॉलचा उल्लेख आलाच आहे तर, पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये ज्या मोजक्या ठिकाणी झाले त्यात मिरजेबरोबर आपलं मनमाडही होतं. तिथून ५ टक्के, मग २०२२ मध्ये १० आणि आता २० टक्के. उसाच्या पट्ट्याला त्यातून पैसा मिळाला. पण इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, काही काळाने त्याला भेगा जातात. पंधरा-वीस वर्षांची गाडी असेल आणि इतक्या वर्षांत कधी न आलेला वास आता यायला लागला असेल, तर मिस्त्रीला पहिल्यांदा सगळ्या रबरी नळ्या बघायला सांगा.

शेवटची गोष्ट सीएनजीची, कारण नाशिकच्या सीएनजी पंपांवर रांगा आपण बघतोच. या वायूला मुळात वासच नाही. १९३७ साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या न्यू लंडन नावाच्या गावी, एका शाळेत असाच बिनवासाचा वायू साठत गेला. कुणाला कळलं नाही. ठिणगी पडली आणि सुमारे ३०० माणसं गेली, त्यातली बहुतेक मुलं. त्यानंतर वायूमध्ये मुद्दाम घाण वास घालायचा कायदा झाला. आपल्या गाडीतला, सिलिंडरमधला तो सडक्या कोबीसारखा वास म्हणजे तीच सोय. सीएनजी हवेपेक्षा हलका, वर जातो, म्हणून दारं-काचा उघडल्या की निघून जातो. एलपीजी आणि पेट्रोलची वाफ जड, ती पायाशी, खड्ड्यात, तळघरातल्या पार्किंगमध्ये साठते. सीएनजीच्या टाकीची हायड्रो टेस्ट दर ३ वर्षांनी करायची असते. तिची तारीख टाकीजवळच्या पट्टीवर कोरलेली असते. आज घरी गेल्यावर डिकी उघडून तेवढी बघून घ्या.

आता कुणाला काही विचारायचं असेल तर माइक मागच्या रांगेपासून फिरवू.